रंगाखालचा हात

त्याची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा तो तिथे नव्हताच. नुसता त्याचा हात आला होता.

सोमवारची सकाळ होती. भट्टीतून निघालेली गाडीची एक पांढरी बॉडी सरकत सरकत माझ्यासमोर आली. मी मोटारींच्या कारखान्यात रंग तपासते. रंग देऊन, भट्टीत वाळवून गाडीचा सांगाडा बाहेर आला की लांबलचक पांढऱ्या दिव्यांच्या उजेडात त्याच्यावरून आधी डोळे फिरवायचे, मग बोटं. कुठे धुळीचा कण अडकलाय, कुठे ओघळ आलाय, ते शोधून मेणाच्या पेन्सिलीनं गोल करायचा. चार वर्षं हेच करतेय. आई म्हणते, ही पोरगी जेवायला बसली तरी आधी ताटावरून हात फिरवून बघते.

तर त्या पांढऱ्या बॉनेटवर एक हात उमटला होता. चांगला मोठा — पाच बोटं, तळवा, सगळं जिथल्या तिथे. पण तो डाग नव्हता. बारीक बारीक गोल खड्ड्यांचा बनलेला होता. त्या जागी रंगानं धरलंच नव्हतं, कडेकडेनं मागे सरकून माशाच्या डोळ्यासारखे गोल सोडले होते. फिशआय म्हणतात त्याला. रंग मारण्याआधी पुसून लख्ख केलेल्या पत्र्याला तेलाचा, क्रीमचा, अत्तराचा नुसता स्पर्श झाला तरी असं होतं. म्हणून आमच्या पेंट शॉपमध्ये केसांना तेल नाही, तोंडाला क्रीम नाही आणि अत्तराचं तर नाव काढायचं नाही. एखादी लग्नाला जाऊन आली की दुसऱ्या दिवशी दोनदा केस धुऊन कामावर येते. आणि इथे कुणीतरी अख्खा हात टेकवून गेलं होतं.

मी पेन्सिल उचलली... आणि तशीच थांबले. इकडेतिकडे पाहिलं, हातमोजा काढला आणि माझा हात त्या हातावर ठेवून बघितला. माझी बोटं त्याच्या शेवटच्या पेराशीच संपत होती.

का ठेवला? कुणी विचारलं असतं तर मापासाठी, असं ठोकून दिलं असतं.

थोड्याच वेळात हाताचा मालक हजर झाला. फोरमनकाका त्याला घेऊन आले. काका एरवी हसत नाहीत, त्या दिवशी दात झाकत नव्हते. मागे एक उंच, चष्मेवाला माणूस, अंगात पाहुण्यांना देतात तो पांढरा कोट. कोट आखूड, मनगटं बाहेर. तो कोण ते सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. दोन वर्षं आमच्या गाड्या खपत नव्हत्या, बँकांनी हात वर केले होते, शेवटी मालकांनी सरकारपुढे पदर पसरला होता. आणि लोकांच्या करातला एवढा पैसा एका कारखान्याला द्यायचा की नाही, ते बघायला अर्थखात्यानं हा माणूस पाठवला होता. पाच दिवस तो कारखाना बघणार, शनिवारी त्याचा अहवाल जाणार. ‘द्यावेत’ असं लिहिलं तर कारखाना तरला. ‘देऊ नयेत’ लिहिलं तर दोन हजार माणसं घरी. त्या दोन हजारांत मी होते, आणि प्रेस शॉपमध्ये सव्वीस वर्षं पत्रा दाबून दरवाजे बनवणारे माझे बाबा होते.

हे सगळं माहीत असून मी विचारलं, "हा हात तुमचा?"

त्यानं बॉनेटकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. शाळेत खोडी करताना सापडलेल्या मुलासारखा त्यानं तो हात खिशात घातला.

"मी स्वच्छतागृह शोधत होतो," तो म्हणाला. "दार चुकलं. आत इतकं शांत होतं... आणि ती गाडी अशी मऊ दिसत होती."

"म्हणून हात लावलात."

"लागला."

"अंगाला काय काय लावलंय आज?"

काका खाकरले. पण त्यानं निमूटपणे सगळं सांगितलं. केसांना जेल, हाताला क्रीम, आणि अत्तर... ते बहिणीनं दिलं होतं, सरकारी माणसाला फाइलींचा वास येतो म्हणून. बोलता बोलता त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या. मला हसू आवरेना. उद्यापासून नुसता साबण, एवढं बजावून मी बॉनेटवर मोठा गोल काढला आणि गाडी दुरुस्तीला पाठवून दिली.

दुपारपर्यंत त्याचं नाव अत्तरसाहेब पडलं होतं.

मंगळवारी तो आला तो थेट माझ्या लाइनवर. केस वाळलेल्या गवतासारखे उभे. त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "तपासा."

मी वाकून वास घेतला. कपडे धुवायचा साबण वापरला होता बिचाऱ्यानं.

दिवसभर तो माझ्या शेजारी उभा राहून गाड्या मोजत होता. वहीत उभ्या रेघा, पाचवी आडवी. मधे मधे विचारायचा, हे इतकं बारीक तुम्हाला दिसतं तरी कसं? मग मी त्याला शिकवलं. रंगाकडे बघायचंच नाही. रंगात दिव्याची जी सरळ रेघ दिसते तिच्याकडे बघायचं. ती जिथे मोडते तिथे काहीतरी आहे. तो गुडघ्यांवर हात ठेवून एका काळ्या दरवाजात बघत राहिला. मीही बघत होते, तो नीट बघतोय का ते. आणि त्या काळ्याभोर चकचकीत रंगात, दिव्याच्या रेघेच्या जरा खाली, आमची नजर भेटली...

"मोडली का रेघ?" मी घाईघाईनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. "पण गाडीत दोष नाहीये."

त्या काळ्या गाडीवर मला एक ओघळ दिसला नाही. पुढच्या माणसानं धरला. चार वर्षांत पहिल्यांदा.

बुधवारी एक लाल बॉडी आली. बॉनेटवरून बोटं फिरवली आणि हात जागीच अडकला. नव्या रंगाखाली पुसटशा खळग्या होत्या. एक बोट... दुसरं... अंगठा जरा बाजूला. दुरुस्तीवाल्यानं घाईत खड्डे तेवढेच घासले होते, आजूबाजूचा भाग घासून सपाट केला नव्हता. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. बोटांना सगळं कळत होतं.

दुरुस्तीला गेलेली पांढरी गाडी पांढरीच परत येते. लाल होऊन येत नाही.

त्या दिवशी तो वरच्या मजल्यावर साहेब लोकांबरोबर बैठकीत होता. मी सुटी होताच फोरमनकाकांना गाठलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सांगितलं. बाहेर मागणी आहे रोज तीसेक गाड्यांची, आणि मालकांनी अर्जात नव्वद लिहिल्यात. पाहुणा असेपर्यंत लाइन भरलेली दिसायला हवी, म्हणून रंगवलेल्या बॉड्या मागच्या दारानं यार्डातून परत आत घेऊन त्यांनाच दुसरा रंग देणं चाललं होतं. वरून तसा हुकूम होता.

"काका, हे खोटं आहे."

"आहे," ते म्हणाले. "आणि माझ्या दोन मुली शाळेत आहेत. तुझ्या बापाची चार वर्षं राहिलीत. आता तू सांग, मी काय करू."

मला काम शिकवणारा हा माणूस. त्याला मी काय सांगणार होते?

जाताना त्यांनी मला हाक मारली. माझ्याकडे न बघता बोलले, की उद्या बॉड्या फिरवायला तासभर हवाय. साहेब तुझ्याशी बोलतात. पाण्याच्या चाचणीकडे घेऊन जा त्यांना... तेवढा वेळ रमव.

मी हो म्हणाले. हे मला लिहायला आवडत नाही, पण म्हणाले.

आमच्या कारखान्यात एक पाऊस आहे. बटण दाबलं की पडतो. तयार गाडी एका लांब बोगद्यात नेतात, वरून, बाजूंनी, खालून पाण्याच्या धारा सोडतात, आणि एक माणूस आत बसून टॉर्च घेऊन बघतो, कुठे थेंब झिरपतोय का. गुरुवारी त्या गाडीत मी होते आणि शेजारच्या सीटवर तो, गुडघे पार हनुवटीला लावून. धारा सुरू झाल्या. काचांपलीकडचं सगळं विरघळून गेलं. त्या आवाजात हळू बोलायची सोयच नव्हती, आणि तरी आम्ही हळूच बोलत होतो.

त्यानं सांगितलं, की इथे येताना तो ‘नाही’ ठरवूनच आला होता. त्याच्या आईचं शाळेचे गणवेश शिवायचं छोटं दुकान होतं. चार मशिनी, चार बायका. बाजारात तयार गणवेश आले आणि वर्षाच्या आत दुकान बसलं. चौघी घरी गेल्या. आईनं मशिनींवर चादरी टाकल्या, आणि तो तेव्हा दहावीत होता.

"एकही सरकारी माणूस चौकशीला आला नाही," तो म्हणाला. "आईनं मात्र दर वर्षी कर भरला. तुमच्या मालकांना द्यायचे ते पैसे तिच्यासारख्यांचेच आहेत. चांगल्या दिवसांत नफा यांनी घेतला, वाईट दिवसांत खड्डा तिनं भरायचा. का?"

मी छताच्या कडेला टॉर्च फिरवत होते. थेंब नव्हता.

"त्या चार मशिनींसाठी कुणीतरी यायला हवं होतं," मी म्हणाले. "पण ते आले नाहीत म्हणून आमच्याकडेही येऊ नये, हा कुठला न्याय? फाटकाबाहेर चहावाला आहे, न्हावी आहे, खोल्या भाड्यानं देणारी म्हातारी आहे. आमचं फाटक लागलं की त्यांचीही दुकानं लागतील. तेव्हा परत कुणीतरी दहावीतला मुलगा चादरी टाकताना बघेल."

पाणी काचेवरून वाहत होतं आणि त्याची सावली त्याच्या चेहऱ्यावरून वाहत होती.

"तुम्ही भांडता छान," तो शेवटी म्हणाला.

"मी भांडले नाही अजून."

"मग ते बघायला मला परत यावं लागेल."

मी टॉर्च बंद केला. गरज नव्हती, पण केला. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं — ती लाल गाडी, मागचं दार, काकांचा हुकूम. एक शब्द बाहेर पडला असता तर बाकीचे आपोआप आले असते. तेवढ्यात पाणी थांबलं. वाळवायचे पंखे सुरू झाले, बाहेरच्या माणसानं काचेवर टकटक केली, आणि तास पुरा झाला होता.

शुक्रवारी दुपारी त्यानं मला जिन्याखाली गाठलं. वही छातीशी धरलेली. आज सकाळी लिहून काढलं, म्हणाला. ‘द्यावेत’ असं लिहिलंय. अशी काम करणारी माणसं आणि रोजच्या नव्वद गाड्या, हे बुडू देणं बरोबर नाही. उद्या दुपारी सही करून तो अहवाल देणार होता.

"मी स्वतः मोजलंय," तो म्हणाला. इतक्या आनंदानं म्हणाला...

मी हसले. काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. लाइनवर परत गेले तर समोर निळी बॉडी उभी होती. बॉनेटवर हात ठेवला. खाली तोच ठसा.

घरी गेले ते तोंड पाडूनच. बाबा ओट्यापाशी भाजी चिरत होते. प्रेसच्या दणक्यांनी त्यांचे कान केव्हाच गेलेत, त्यामुळे आमच्या घरात गुपित म्हणून काही राहत नाही. मी बोलायला लागले तशी आई उठून एक एक खिडकी लावत गेली. बाबांना आधीपासून सगळं माहीत होतं. कुणाला नव्हतं? ते म्हणाले, सांगू नकोस. तो माणूस उद्या जाईल, त्याला दुसरी फाइल मिळेल, आपल्याला दुसरा कारखाना मिळणार नाही. मी म्हटलं, पण खाली त्याची सही आहे, बाबा. पुढे कधी उघडकीला आलं तर तो जाईल आणि पैसेही जातील. बाबांनी सुरी खाली ठेवली.

"कोण लागतो तो तुझा?"

आईनं शेवटची खिडकी लावली.

"सांगितलंस तर माझ्याशी बोलू नकोस," बाबा म्हणाले. बंद खिडक्यांतूनही ते शेजाऱ्यांना ऐकू गेलं असणार.

शनिवारी सकाळी तो फाटकावर पाहुण्यांचा बिल्ला परत करत होता. बाहेर सरकारी गाडी उभी. मी म्हणाले, पाच मिनिटं या. त्यानं घड्याळ पाहिलं, मग मला, आणि मुकाट्यानं मागे आला. आम्ही पेंट शॉपला वळसा घालून यार्डात गेलो. तिथे रांगेनं रंगीत बॉड्या उभ्या होत्या. सकाळचं ऊन त्यांच्यावर असं पसरलं होतं की एखाद्याला वाटावं, काय सुंदर चाललाय हा कारखाना.

"डोळे मिटा," मी म्हणाले.

"अहो, गाडी थांबलीय."

"मिटा."

त्यानं मिटले. मी त्याचं मनगट धरलं. पहिल्यांदाच. त्याचा हात निळ्या बॉनेटवर टेकवला आणि हळूहळू सरकवत नेला.

"काय लागतंय?"

"गार पत्रा."

"अजून."

"काही नाही... थांबा. इथे खोलगट आहे. इथेही. ही बोटांसारखी—"

त्यानं डोळे उघडले. त्याचा हात त्या जागी असा बसला होता की जणू आत्ताच काढून परत ठेवला असावा.

"ही पांढरी होती," तो म्हणाला.

"सोमवारी. बुधवारी लाल. काल निळी."

मग तो रांगेतून चालत गेला. एकेका दरवाजाच्या कडेवरून बोट फिरवत होता. रंगावर रंग चढून जिथे गाठ येते, तिथे थांबत होता. मीच शिकवलं होतं त्याला. मी निळ्या गाडीपाशी उभी राहून बाबांचा विचार करत होते, काकांच्या मुलींचा करत होते. आणि तो परत येतो की नाही, याचाही.

तो आला.

"खऱ्या किती?"

"तीस. एखाद्या दिवशी पस्तीस."

"गुरुवारी... आपण पाण्यात बसलो होतो, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो. तुम्हाला तासभर रमवायला सांगितलं होतं मला. मी रमवलं. पण त्यातलं सगळंच काही... सांगितलेलं नव्हतं."

त्यानं चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो फार लहान दिसायचा.

"मग आत्ता का सांगताय? दुपारपर्यंत गप्प बसला असतात तर पैसे मिळाले असते."

"खाली सही तुमची आहे."

"सह्या मी रोज करतो."

"ही खोटी ठरली असती. आज नाही, वर्षानं. आणि मला ते... बघवलं नसतं."

वाऱ्यानं कुठेतरी एक सैल पत्रा वाजला. तो बराच वेळ चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिला.

"मला आता दोन गोष्टी लिहाव्या लागतील," तो म्हणाला. "एक म्हणजे आकडे खोटे आहेत. दुसरी म्हणजे या कामावर माझ्याऐवजी दुसरं कुणी पाठवा."

"दुसरी कशाला? तुम्ही काय केलंय?"

"ते ‘द्यावेत’ मी नव्वद गाड्या बघून लिहिलं नव्हतं." कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग सगळा चेहरा. "गाड्या मी धड बघितल्याच नाहीत. माझं सगळं लक्ष शेजारी होतं. नाहीतर माझ्याच हाताचं बॉनेट माझ्या नाकासमोरून जातं आणि मला पत्ता लागत नाही, असं झालं असतं का?"

मला हसावं की रडावं कळेना. त्यानं ते ओळखलं असावं. एक पाऊल पुढे आला आणि तिथेच थांबला. म्हणाला, निर्णय लागेपर्यंत मी तुम्हाला भेटणार नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही. कुणी बोट दाखवलं तर तुमच्याच लोकांचं नुकसान होईल.

"आणि लागल्यावर?"

"लागल्यावर तुम्ही माझं तोंड तरी बघाल का, ते मला माहीत नाही," तो म्हणाला, आणि गेला.

त्यानंतरचे अकरा आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. त्याच्या जागी एक वयस्कर बाई आल्या. कुणाशी हसल्या नाहीत, कुणाचा चहा घेतला नाही, पहिल्याच दिवशी यार्ड उघडायला लावलं. फोरमनकाकांनी त्यांना सगळं सांगून टाकलं, हुकूम कुणाचा होता तेही सांगितलं, आणि आपल्याला एकदम दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं, असं काका मला म्हणाले. पण कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावरची माणसं कमी होत गेली. घरी बाबा माझ्याशी बोलत नव्हते. तिला सांग, दिवा बंद कर. तिला विचार, उशीर होणार आहे का. मधे आई, टेलिफोनच्या तारेसारखी.

निर्णय आला तो असा. सरकारनं पैसे दिले. मागितले होते त्याच्या निम्मे, आणि मालकांच्या हातात नाही. जुने संचालक गेले. कारखाना खरोखर जेवढ्या खपतात तेवढ्याच गाड्या बनवणार, आणि उरलेल्या जागेत सरकार स्वतःसाठी रुग्णवाहिका बनवून घेणार. बाराशे माणसं राहणार. आठशेंना वर्षभराचा पगार आणि दुसरं काम शिकायची सोय देऊन निरोप.

मी बाराशेंत होते. बाबा आठशेंत.

यादी बघून आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी कामाचे बूट धुऊन उन्हं जातील तिकडे तिकडे सरकवत वाळवले. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी दाराशी तो उभा होता. दार उघडलं बाबांनी. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

त्यानं सांगितलं कोण ते, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. बाबांनी त्याला नखशिखांत पाहून घेतलं आणि आत बसवलं. स्वतः समोर बसले.

"पूर्ण पैसे मिळाले असते तर आज मी कामावर असतो," बाबा म्हणाले.

"हो."

"किती दिवस?"

"वर्षभर. फार तर दीड."

"आणि मग?"

"मग सगळे दोन हजार."

बाबांनी मान हलवली. "म्हणजे तुमचं बरोबर होतं."

"तसं मला म्हणता येत नाही," तो म्हणाला. "तुमच्यासमोर बसून तर नाहीच नाही. माझ्या आईचं दुकान बुडालं तेव्हा कुणी मला हिशेब समजावून सांगितला असता, तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं."

घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. बाबांना तीही येत नसणार. ते त्याच्याकडे बघत राहिले, बघतच राहिले, आणि मग मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा.

"उभी काय राहिलीयेस? चहा टाक."

मी चहा टाकला. साखर दोनदा घातली. तसाच सगळ्यांनी प्यायला. तो निघायला उठला तेव्हा बाबा म्हणाले, ही मला न विचारता गेली होती तुम्हाला सांगायला. उद्या तुमचं तरी ऐकेल, अशा भ्रमात राहू नका. आईनं पटकन पाठ फिरवली, पण तिचे खांदे हसत होते.

मी त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. बारीक पाऊस लागला होता, छत्री उघडावी की नाही असा. त्यानं सांगितलं, आता त्याच्याकडे गावोगावच्या पाणी-पंपांच्या फायली आहेत. आमच्या कारखान्याचा कागदसुद्धा त्याच्या टेबलावर येत नाही.

"म्हणजे आता तुमच्या हातात माझं बरंवाईट काही नाही," मी म्हणाले.

"नाही. म्हणूनच येता आलं." तो थांबला. "बाबांचं... त्याबद्दल तुमच्या मनात राग असेल तर—"

"आहे थोडा. तुमच्यावर नाही. रोज कमी होतो, परवा बूट बघितले तेव्हा परत वाढला."

"मी थांबू शकतो. तो संपेपर्यंत."

"कुठे थांबणार?"

"इथेच. जवळपास." त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "मला दुसरीकडे कुठे... करमत नाही."

पहिली बस आली, थांबली, गेली. आम्हा दोघांनाही ती दिसली नाही, असं नंतर ठरलं. पावसानं त्याचा चष्मा भरून गेला होता. मी तो काढून माझ्या ओढणीच्या टोकानं पुसला आणि त्याच्या डोळ्यांवर परत चढवला.

दुसरी बस आली. दार उघडलं. आत रविवारची झोपाळू माणसं, खिडक्यांवर वाफ. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, साहेब, चढताय का?

त्यानं ड्रायव्हरकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"नाही," मी ड्रायव्हरला सांगितलं. "ते थांबणार आहेत."